पेशीचा धडा आणि आपल्याच जिल्ह्यातल्या सव्वा लाख स्त्रिया

अकरावी-बारावी सायन्सला असलेल्या मुलीला ‘डॉक्टर का व्हायचे आहे?’ असे कुणी विचारले, तर उत्तर तयार असते. लोकांची खिदमत करायची आहे, अम्मी-अब्बांचे स्वप्न आहे, आपल्या समाजात लेडी डॉक्टर कमी आहेत. तिन्ही उत्तरे चांगली आहेत. पण तिलाच ‘पेशीचा धडा कशासाठी वाचतेस?’ असे विचारून बघा. बहुतेक वेळा उत्तर एका शब्दाचे येते: नीट!

हे उत्तर खोटे नाही. नीट परीक्षेच्या ७२० गुणांपैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे असतात, आणि पेशी, जैवरेणू, पेशीविभाजन हे धडे त्या विषयाचा पाया आहेत. धाराशिवला २०२२ पासून १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना डॉक्टरकी थोडी जवळ आल्यासारखी वाटते. लातूरला खोली घेऊन राहणारी, पहाटे फजरला उठून पुस्तक उघडणारी मुले-मुली उमरग्यापासून परंड्यापर्यंत प्रत्येक तालुक्यात आहेत. गुणांसाठी झटण्यात काहीच गैर नाही.

प्रश्न वेगळा आहे. गुण हेच एकमेव कारण असेल, तर निकालाच्या दिवशी ते कारण संपते. गुण मिळाले तरी संपते आणि नाही मिळाले तरी संपते. आपल्याकडे नमाजची नियत असते, रोजाची नियत असते. अमलाची किंमत नियत कशी आहे यावर ठरते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. कुरआनच्या सर्वांत आधी उतरलेल्या आयतींमध्ये वाचन, कलम आणि माणसाची घडण हे विषय एकत्र आले आहेत, हेही आपल्याला ठाऊक आहे. मग माणसाच्या घडणीचाच धडा वाचताना आपल्या मुलांची नियत फक्त गुणांची का असावी?

त्यांना दुसरे कारण हवे असेल, तर ते शोधायला लंडन-अमेरिकेला जावे लागत नाही. ते आपल्याच जिल्ह्यात घडलेले आहे.

जगाने वाचलेला उस्मानाबादचा अभ्यास

आपल्या जिल्ह्याला लागून बार्शी आहे. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाचे नाव भूम-परंड्याच्या बहुतेक घरांत कधी ना कधी घेतले गेलेले असते. कर्करोगाच्या रुग्णांची गावोगाव जाऊन नोंद ठेवण्याचे काम बार्शीत १९८७ साली सुरू झाले. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी तालुका आणि आपल्या जिल्ह्यातले भूम व परंडा तालुके मिळून ३४६ गावे त्या नोंदीत होती. ग्रामीण भागासाठी अशी नोंद ठेवण्याचा देशातला तो पहिला प्रयत्न. या नोंदीतून दिसले की आपल्या खेड्यांतल्या स्त्रियांना सर्वाधिक छळणारा कर्करोग गर्भाशयमुखाचा, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाचा आहे. आणि बायका दवाखान्यात पोहोचत होत्या त्या फार उशिरा.

मग १९९९ च्या ऑक्टोबरात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधल्या ल्योंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तो मिळून केला. डॉ. भगवान नेने आणि डॉ. आर. शंकरनारायणन ही त्यातली प्रमुख नावे. जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. कुणाची दादी, कुणाची खाला, कुणाची शेजारीण. शेतात खुरपायला जाणाऱ्या, घर चालवणाऱ्या बायका.

गावांच्या गटांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार भागांत वाटले. पहिल्या भागातल्या स्त्रियांची एचपीव्ही या विषाणूसाठी तपासणी झाली. दुसऱ्या भागात गर्भाशयमुखावरच्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. तिसऱ्या भागात शिकवून तयार केलेल्या नर्सबाईंनी व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासले. ज्यांच्यात दोष आढळला त्यांच्यावर पुढचे उपचार झाले. चौथ्या भागातल्या स्त्रियांची अशी तपासणी झाली नाही. त्यांना आजाराची माहिती आणि नेहमीच्या आरोग्यसेवाच मिळाल्या.

ज्यांना तपासणीसाठी बोलावले, त्यांतल्या दहापैकी जवळपास आठ स्त्रिया आल्या. हा आकडा थांबून वाचण्यासारखा आहे. दुखत-खुपत काही नसताना, एक दिवसाची मजुरी सोडून, लाज बाजूला ठेवून, या बायका आल्या. आपल्या बायका तपासायला येतच नाहीत असे जे म्हटले जाते, ते त्यांनी कृतीतून खोडून काढले.

निकाल २००९ च्या एप्रिलमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी या कर्करोगाने दगावल्या होत्या. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४. म्हणजे एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यूचे प्रमाण जवळजवळ निम्मे केले. आजार पुढच्या टप्प्यात गेलेल्या स्त्रिया एका गटात ८२ होत्या, तर दुसऱ्यात ३९. आणि ज्यांच्यात विषाणू आढळला नव्हता, त्यांच्यापैकी एकही स्त्री पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाने गेली नाही. बाकीच्या दोन पद्धतींनी मात्र मृत्यूंमध्ये ठळक घट दिसली नाही.

उत्तर धड्यातच आहे

असे का झाले? व्हिनेगरने डोळ्यांना दिसणारा डाग कळतो. सूक्ष्मदर्शकाने पेशीचा बिघडलेला आकार कळतो. तरीही विषाणू शोधणारी तपासणी या दोघींच्या पुढे का गेली? याचे उत्तर अकरावीच्या त्याच धड्यात आहे, जो आपली मुलगी फक्त गुणांसाठी पाठ करते.

रॉबर्ट हुक यांनी १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात लहान लहान कप्पे पाहिले आणि त्यांना ‘सेल’ असे नाव दिले. १८३८-३९ मध्ये श्लायडन आणि श्वान या जर्मन शास्त्रज्ञांनी सांगितले की वनस्पती आणि प्राणी दोघेही पेशींचेच बनलेले असतात. १८५५ मध्ये फिरखो यांनी त्यात भर घातली की प्रत्येक नवी पेशी आधीच्या पेशीतूनच जन्मते. हे शेवटचे वाक्य मुले घोकून टाकतात. पण कर्करोगाची सगळी कहाणी त्यात दडलेली आहे. कर्करोग बाहेरून येऊन बसत नाही. आपल्याच एका पेशीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशी तिची थांबायला विसरलेली औलाद वाढत जाते.

निरोगी पेशी केव्हाही विभागत नाही. तिच्या चक्रात नाके असतात. डीएनए शाबूत आहे का, विभागायची गरज आहे का, हे तपासल्याशिवाय ती पुढे जात नाही. या नाक्यांवर पहारा देणारी प्रथिने असतात. त्यांतल्या दोघांची नावे पी-५३ आणि आरबी. पहिले प्रथिन डीएनए बिघडला असेल तर पेशीला थांबवते, आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर मरायला लावते. दुसरे प्रथिन वेळेआधी विभाजन सुरू होऊ देत नाही.

एचपीव्हीचे धोकादायक प्रकार नेमके याच दोन पहारेकऱ्यांना गाठतात. विषाणूचे ई-६ नावाचे प्रथिन पी-५३ ला नष्ट करवते, ई-७ हे आरबीला निकामी करते. दार उघडे पडते. पेशी विभागत राहते, चुका साठत जातात. तरीही बहुतेक स्त्रियांचे शरीर हा विषाणू एक-दोन वर्षांत स्वतःच हटवते. थोड्या जणींमध्ये तो टिकतो आणि कर्करोग व्हायला त्यानंतर बहुधा दहा-पंधरा वर्षे जातात.

म्हणजे पेशी बाहेरून वेडीवाकडी दिसू लागते ती खूप नंतर. आत बिघाडाची सुरुवात आधीच झालेली असते. डोळा आणि सूक्ष्मदर्शक पेशीचे रूप पाहतात. विषाणूची तपासणी पेशीच्या आत काय शिरले आहे ते पाहते. आपल्या जिल्ह्यातल्या बायकांनी जगाला हा फरक दाखवून दिला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात गर्भाशयमुखाच्या पहिल्या तपासणीसाठी एचपीव्ही डीएनए चाचणीला पसंती दिली. या दिशेने नेणाऱ्या पुराव्यांत उस्मानाबादच्या अभ्यासाचे स्थान मोठे आहे.

विद्यार्थ्याने यातून घ्यायची गोष्ट साधी आहे. पेशीची आकृती काढून तिला बाण लावणे म्हणजे फक्त रूप पाहणे झाले. न्यूक्लियस कुठे, मायटोकॉन्ड्रिया कुठे, एवढ्यावर गुण मिळतीलही. पण ‘ही पेशी आता का थांबली? हिला कोण थांबवते? ते बिघडले तर काय होईल?’ असे विचारत शिकणे म्हणजे आत पाहणे. उद्याच्या डॉक्टरला रुग्णासमोर हीच सवय लागते.

पेशी कुणाची? माणसाची!

या कहाणीला एक बोचरी बाजूही आहे. तपासणी न झालेल्या गटातल्या ६४ स्त्रियांचे काय? अभ्यासाला तुलना हवी असते हे खरे. पण तपासणी फायद्याची असते हे काही प्रमाणात आधीच माहीत असताना एका गटाला तिच्याविना ठेवावे का, असा प्रश्न वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी पुढे जाहीरपणे विचारला. संशोधकांनीही आपली बाजू मांडली. तेव्हा आपल्या खेड्यांत तपासणीची सोयच नव्हती आणि कोणती पद्धत इथे चालेल हे कुणाला ठाऊक नव्हते, असे त्यांचे म्हणणे. कोणती बाजू पटते ते प्रत्येकाने ठरवावे. पण उद्या डॉक्टर होणाऱ्याने हा प्रश्न टाळू नये. तक्त्यातला ‘६४’ हा आकडा म्हणजे ६४ घरांतल्या मयती होत्या.

असाच प्रश्न अमेरिकेतल्या एका स्त्रीमुळे साऱ्या जगापुढे आला. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाची गरीब कृष्णवर्णीय स्त्री याच गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी दाखल झाली. पाच मुलांची आई. तिच्या गाठीतल्या थोड्या पेशी तिला न विचारता प्रयोगशाळेत नेल्या गेल्या. त्या पेशी तिथे वाढतच राहिल्या. प्रयोगशाळेत अखंड वाढत राहिलेल्या त्या पहिल्या मानवी पेशी. पोलिओच्या लसीपासून कर्करोगाच्या औषधांपर्यंत किती तरी संशोधन त्यांच्यावर झाले. हेन्रिएटा त्याच वर्षी ऑक्टोबरात वारली. तिच्या मुलांना वीसेक वर्षे काहीच माहीत नव्हते. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८० च्या दशकात एचपीव्ही आणि या कर्करोगाचे नाते सिद्ध केले, २००८ चे नोबेल त्यांना मिळाले. त्यांनी दाखवलेला १८ क्रमांकाचा विषाणू हेन्रिएटाच्या पेशींतही सापडला.

आपल्याकडे अमानत हा शब्द आहे. रुग्णाचे रक्त, त्याच्या पेशी, त्याच्या आजाराची गोष्ट ही डॉक्टरकडे सोपवलेली अमानत असते. काचपट्टीवरच्या नंबरामागे एक माणूस आहे हे ज्याला आठवते, त्याच्याच हाती ती सुरक्षित राहते.

डॉक्टर झाले नाही तर?

ज्या प्रयोगशाळेत हेन्रिएटाच्या पेशी वाढवल्या गेल्या, तिथे त्याच सुमाराच्या काळात पुण्याची एक मराठी बाई शिकायला गेली होती. डॉ. कमल रणदिवे. १९१७ साली पुण्यात त्यांचा जन्म झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे, असे वडिलांच्या मनात होते. मुलीने जीवशास्त्र निवडले. एम.एस्सी.साठी त्यांनी पेशीतल्या गुणसूत्रांचा अभ्यास केला, आणि तो कशावर? सीताफळाच्या कुळावर! बालाघाटच्या डोंगरात आपण जे सीताफळ वेचून खातो, त्याच कुळावर. पुढे मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली त्यांनी १९४९ साली पीएच.डी. केली. अमेरिकेहून परतल्यावर भारतातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची जागा, त्यांनी मुंबईत उभी केली. स्तनाच्या कर्करोगावर काम केले, कुष्ठरोगाच्या जंतूंवर काम केले. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना स्थापन करण्यात त्या पुढे होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

असेच नाव ओबैद सिद्दीकी यांचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात शिकलेल्या या शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. जनुकांपासून वास-चवीच्या संवेदनेपर्यंत त्यांनी काम केले आणि २००६ मध्ये पद्मविभूषणचे मानकरी ठरले. दोघेही एमबीबीएस नव्हते.

हे सांगायचे कारण आपल्या घरांत आहे. नीटच्या निकालानंतर किती तरी मुले तोंड लपवतात, मुलींची तालीम तर तिथेच थांबवली जाते. ‘नंबर लागला नाही, आता स्थळ बघू या.’ आई-वडिलांनो, असे करू नका. जिने पेशी समजून घेतली आहे, तिच्यासाठी बी.एस्सी., सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, नर्सिंग, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, फार्मसी असे किती तरी रस्ते उघडे आहेत. उस्मानाबादच्या अभ्यासात बायकांपर्यंत पोहोचल्या त्या नर्सबाई होत्या. काचपट्ट्या वाचल्या त्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी. ते नसते तर मोठ्या डॉक्टरांच्या हाती कागदच आले नसते.

आता घरातल्या बायकांसाठी

भारतात आजही दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास स्त्रियांना हा कर्करोग होतो. आपल्या घरांत त्याबद्दल दोन समज आहेत.

पहिला समज असा की आपल्यात खतना असल्याने हा आजार होत नाही. खतना झालेल्या पुरुषांमध्ये हा विषाणू कमी आढळतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. मुस्लिम स्त्रियाही या आजाराने जातात आणि उशिरा कळल्याने जातात.

दुसरा समज जास्त घातक आहे. हा विषाणू पती-पत्नीच्या संबंधातून पसरतो असे कळले की लोक बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवतात. हा विषाणू अतिशय सर्वसाधारण आहे. तो वर्षानुवर्षे शरीरात गुपचूप राहू शकतो, केव्हा आला हे डॉक्टरही सांगू शकत नाही. कुणाच्या शीलावर तोहमत घेणे हा आपल्या दीनमध्ये किती मोठा गुन्हा आहे, हे वेगळे सांगायला नको. आजारी बाईला औषध द्यायचे, आळ नाही.

हया ही चांगली गोष्ट आहे, पण तिच्या नावाखाली जीव जाऊ देणे दीनला मान्य नाही. लेडी डॉक्टर किंवा नर्स मागून घेता येते. ३० वर्षांवरच्या स्त्रियांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी सरकारी आरोग्य कार्यक्रमात आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे विचारावे. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणे, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, यांपैकी काही असेल तर तपासणीच्या वेळापत्रकाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे. ती ९ ते १४ या वयात सर्वांत चांगली लागू पडते आणि आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही तयार होते. लस घेतली तरी पुढे तपासणी करायचीच.

धडा मोठ्याने वाचा

सायन्सला असलेल्या मुला-मुलींसाठी एक काम. या आठवड्यात रात्रीचे जेवण झाल्यावर पेशीविभाजनाचा धडा अम्मीला, दादीला, खालाला त्यांच्या बोलीत समजावून सांगा. इंग्रजी शब्द न वापरता. नाके कुठे असतात, पहारेकरी कोण, विषाणू काय करतो, तपासणीत काय बघतात. दादीने मध्येच प्रश्न विचारला आणि तुम्ही अडलात, तर समजा की तेवढा भाग अजून कच्चा आहे. पुन्हा वाचा. परीक्षेत तोच भाग पक्का होईल.

आणि तुमचे ऐकून घरातली एक जरी बाई तपासणीला गेली, तर डॉक्टर होण्याआधीच तुम्ही डॉक्टरचे काम केलेले असेल. त्या सव्वा लाख स्त्रियांनी मजुरी सोडून, संकोच सोडून जे इल्म जगाला दिले, ते त्यांच्याच नाती-पणतींच्या वहीत नुसते गुण होऊन राहू नये.

अल्लाह आपल्या मुला-मुलींच्या इल्ममध्ये बरकत देवो, त्यांची नियत साफ ठेवो आणि त्यांच्या हातांत शिफा देवो. आमीन.